तीन दिवस आणि दोन तास : आड्रियाटिक बेटांमधील जलवाटा

१५५६ साली ह्वार बेटावरील स्तारी ग्राद या गावी पेतार हेक्तोरोविच या उमराव कवीने एक दीर्घकाव्य लिहून पुरे केले. 'मासेमारी आणि कोळ्यांचे संवाद' असे त्याच्या शीर्षकाचे स्थूलमानाने भाषांतर होईल. सत्तरीला टेकलेला हा गृहस्थ दोन कोळी आणि त्यांची होडी बरोबर घेऊन घरातून निघतो, शेजारच्या ब्राच आणि शोल्ता या बेटांच्या कडेकडेने हिंडतो आणि तिसऱ्या दिवशी घरी परततो. काव्यात घडते ते एवढेच. वादळ नाही, चाचे नाहीत, प्रेमप्रकरणही नाही. मासे धरले जातात, खाल्ले जातात. वल्ही मारता मारता कोळी एकमेकांना कोडी घालतात, गाणी म्हणतात, आणि कवी ऐकत राहतो. १५६८ मध्ये हे काव्य व्हेनिसला छापले गेले, आणि दक्षिण स्लाव भाषांच्या साहित्येतिहासात त्याला जे स्थान मिळाले ते आजतागायत अढळ आहे.

स्प्लिट बंदरातून सुटणारी मोटारवाहू फेरीबोट आज हेच पाणी सुमारे दोन तासांत ओलांडते. ही तुलना वेगाची आहे असे प्रथमदर्शनी वाटेल; पण तशी ती नाही. हेक्तोरोविचला तीन दिवस लागले ते होडी मंदगती होती म्हणून नव्हे. त्याला कोठे पोहोचायचेच नव्हते. खरा फरक निराळाच आहे. त्याची होडी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात होती. आजची बोट प्रत्येक बेटाला मुख्य भूमीशी जोडते. सव्वाचार शतकांहून अधिक काळात या समुद्रातील वाटांनी आपली दिशा बदलली, आणि त्या बदलाबरोबर 'शेजार' या शब्दाचा अर्थही तेथे पालटत गेला.

आड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यालगत, आजच्या क्रोएशियाच्या हद्दीत, लहानमोठी बेटे आणि पाण्याबाहेर डोके काढलेले खडक मिळून हजारांहून अधिक भूखंड मोजले जातात. कायम वस्ती मात्र पन्नासच्या आतबाहेर बेटांवरच आहे. क्रोएशियन भाषेत बेटाला 'ओतोक' म्हणतात. ज्याच्या सभोवार पाणी वाहते ते, असा त्याचा धात्वर्थ. संस्कृतातील 'द्वीप' शब्दात दोन बाजूंचे पाणी आहे, तसेच येथे वाहते पाणी आहे. याहून बोलका शब्द 'ब्रोद'. आज त्याचा अर्थ जहाज असा होतो. परंतु मूळ स्लाव भाषेत तो नदीच्या उताराला, म्हणजे पायी ओलांडता येईल अशा जागेला लावला जाई, आणि काही गावांच्या नावांत तो अर्थ अजून टिकून आहे. ओलांडण्याच्या जागेचे नाव ओलांडण्याच्या साधनाला मिळावे, हा अर्थप्रवास मराठी वाचकाला परका वाटू नये. कोकणातील खाडीवरची 'तर', तिच्यातला 'तारू' आणि पैलतीरी उतरणारा 'उतारू' ही सारी एकाच धातूची लेकरे आहेत.

या समुद्राच्या पूर्वेकडील बाजूलाच वाहतूक का वाढली, याचे कारण भूगोलात आहे. इटलीचा किनारा सपाट आणि उघडा. संकटकाळी आसरा घ्यावा अशा जागा तेथे थोड्या. डाल्मेशियाच्या बाजूस मात्र किनाऱ्याला समांतर बेटांच्या रांगा आहेत, त्यांच्या आतल्या अंगाला निवाऱ्याच्या सामुद्रधुन्या आहेत, आणि पाण्याचा ओघही याच किनाऱ्याने उत्तरेकडे वाहतो. म्हणून ग्रीकांची गलबते येथूनच वर सरकली. पारोस बेटावरील ग्रीकांनी ख्रिस्तपूर्व ३८४ च्या सुमारास ह्वारवर 'फारोस' ही वसाहत वसवली. तेच आजचे स्तारी ग्राद. त्यांनी आखलेले शेतांचे चौकोन दगडी बांधांसह अजून ओळखू येतात, आणि २००८ मध्ये युनेस्कोने त्या मैदानाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पुढे १४०९ मध्ये नेपल्सच्या लादिस्लावने डाल्मेशियावरील आपला हक्क एक लाख डुकाटांना व्हेनिसला विकला, आणि काही वर्षांत या किनाऱ्याचा बहुतेक भाग व्हेनिसच्या ताब्यात गेला. ही सत्ता १७९७ पर्यंत टिकली. व्हेनिसच्या लेखी ही बेटे म्हणजे पूर्वेच्या व्यापारी वाटेवरचे मुक्कामाचे टप्पे होते. पण व्यापारी आणि यात्रेकरूंच्या मोठ्या गलबतांखेरीज या पाण्यावर आणखी एक वाहतूक अखंड चालू होती. द्राक्षे, तेल, मीठ, खारवलेले मासे आणि लग्नाची वऱ्हाडे एका बेटावरून समोरच्या बेटावर नेणाऱ्या होड्यांची ती वाहतूक होय. इतिहासाने तिची दखल फारशी घेतली नाही. हेक्तोरोविचने घेतली, यातच त्याच्या काव्याचे मोल आहे.

या काव्याला काही अभ्यासक 'कोळीगीत' या युरोपीय काव्यप्रकारात बसवतात. सान्नाझारोने लॅटिनमध्ये लिहिलेली कोळीगीते १५२६ मध्ये प्रसिद्ध झाली होती. इटालियन विद्येत मुरलेल्या हेक्तोरोविचला ती माहीत असणे सहज शक्य आहे. तथापि ते वर्गीकरण अपुरे आहे. सान्नाझारोचे कोळी हे कोळ्यांच्या वेषातील विद्वान आहेत. हेक्तोरोविचच्या कोळ्यांना पास्कोय आणि निकोला अशी खरी नावे आहेत, आणि जे घडले व ऐकले तेच आपण लिहिले, पदरचे घातले नाही, असे तो ज्याला हे काव्य धाडले त्या मिकशा पेलेग्रिनोविचला आवर्जून सांगतो. कोळ्यांनी म्हटलेली वीरगीते त्याने जशीच्या तशी उतरून घेतली, इतकेच नव्हे तर गाण्यांच्या चालीही स्वरलिपीत दिल्या. दीर्घ ओळींच्या त्या प्राचीन वीरगीतप्रकाराच्या सर्वांत जुन्या संपूर्ण नोंदींत त्यांची गणना होते. त्यांपैकी एक गाणे मार्को आणि आंद्रियाश या दोन भावांचे आहे. लुटीतल्या घोड्यावरून भाऊ भावाला भोसकतो. शांत समुद्रावर, मालकाचे मन रमावे म्हणून म्हटलेल्या गाण्यात ही भाऊबंदकी यावी, हे सूचक आहे.

सूचक अशासाठी की ह्वार बेटाने अशी भाऊबंदकी प्रत्यक्ष पाहिली होती. १५१० मध्ये मातिया इवानिचच्या नेतृत्वाखाली तेथील सामान्य लोक उमरावांविरुद्ध उठले. चार वर्षे हे बंड धुमसत होते, आणि ते मोडल्यावर व्हेनिसने काही बंडखोरांना गलबतांच्या डोलकाठ्यांवर फासावर लटकावले. हेक्तोरोविच त्या वेळी ऐन पंचविशीत होता आणि उमरावांच्या बाजूचा होता. चाळीस-पन्नास वर्षांनंतर तोच माणूस एका कोळ्याशेजारी होडीत बसतो, त्याची गाणी ऐकतो, आणि फाटक्या कपड्यांखालीही शहाणपण असते असे मोकळेपणाने मानतो. हा समेट खरा की काव्यापुरता, याबद्दल मतभेद होऊ शकतील. कोळी वल्हवीत होते आणि कवी बसलेला होता, ही गोष्टही विसरता येत नाही. पण चार हात लांबीच्या जागेत तीन दिवस एकत्र काढायचे तर बोलण्यावाचून गत्यंतर नसते. होडीच्या लहानपणाने ते संभाषण घडवून आणले.

शोल्ताच्या उत्तर किनाऱ्यावर नेचुयाम नावाची खाडी आहे. स्प्लिटचा थोर कवी मार्को मारुलिच कधीकाळी तेथे राहिला होता. होडी तेथे लागते तेव्हा हेक्तोरोविच त्याच्या आठवणी जागवतो. एका बेटाचा कवी दुसऱ्या बेटावर तिसऱ्या गावच्या कवीचे स्मरण करतो, आणि ऐकणारे दोघे निरक्षर असण्याचाच संभव अधिक. तरीही त्यांना ते परके वाटत नाही. १५७१ मध्ये तुर्कांच्या आरमाराने ह्वारवर चाल करून स्तारी ग्राद जाळले. पुढल्याच वर्षी कवी वारला. त्याने बांधलेला तटबंदीचा वाडा आणि आतला माशांचा तलाव अजून उभा आहे.

त्याच शतकाच्या अखेरीची आणखी एक नोंद येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. विस बेटावरील कोमिझाचे कोळी चाळीसहून अधिक सागरी मैल दूर असलेल्या पालाग्रुझा या उजाड बेटाकडे मासेमारीला जात. तेथील किनाऱ्यावर थोड्याच होड्या ओढून ठेवता येत. म्हणून सारे एकाच वेळी निघत आणि जागेसाठी शर्यत लागे. १५९३ मध्ये अशा चौऱ्याहत्तर होड्या निघाल्याची नोंद आहे. या होड्यांच्या कडांच्या फळ्या काढता-घालता येत. खोल समुद्रात कड उंच हवी आणि वल्हवताना ठेंगणी. या फळ्यांवरून तिला 'फाल्कुशा' असे नाव पडले. जुन्यांपैकी अखेरची होडी १९८६ मध्ये नष्ट झाली, आणि १९९७ मध्ये तिच्या बरहुकूम नवी बांधण्यात आली.

वाफेच्या बोटींनी या व्यवहाराला निराळे वळण दिले. त्रिएस्ते येथे १८३३ मध्ये स्थापन झालेल्या ऑस्ट्रियन लॉइडने १८३६ मध्ये आगबोटींचा विभाग काढला, आणि थोड्याच काळात तिच्या बोटी डाल्मेशियाच्या किनाऱ्याने धावू लागल्या. स्थानिक बोलीत आगबोटीला 'वापोर' म्हणत. वापोर येण्याचा दिवस हा गावाचा दिवस झाला : टपाल, वर्तमानपत्र, नवा शिक्षक, बदलीचा अंमलदार, सारे तिच्यातून उतरत. अद्याप या वाटेचे स्वरूप माळेसारखे होते. बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर असा मणी ओवावा तसा प्रवास करी. त्यामुळे ह्वारच्या माणसाला कोर्चुला हे पुढचे बंदर म्हणून ठाऊक असे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि लॉइडच्या बोटी मुंबईपर्यंत येऊ लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर तिचेच नाव लॉइड त्रिएस्तिनो झाले. १९३३ मध्ये सुभाषचंद्र बोस मुंबईहून युरोपला निघाले ते याच कंपनीच्या 'गांजे' म्हणजे 'गंगा' नावाच्या बोटीने. व्हेनिस-त्रिएस्तेकडे जाणाऱ्या हिंदी उतारूंना आड्रियाटिक ही प्रवासाची शेवटची मजल असे.

माळ ओवणाऱ्या त्याच बोटींनी बेटे रिकामीही केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाने इटलीशी केलेल्या व्यापारी करारामुळे स्वस्त इटालियन दारू बाजारात आली, आणि त्यातच फायलॉक्सेरा या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. द्राक्षावाचून दुसरे पीक नसलेल्या गावांतून तरुण बाहेर पडू लागले. ब्राचची माणसे चिलीत आंतोफागास्ता आणि पुंता आरेनासला गेली. कोर्चुला आणि समोरच्या किनाऱ्यावरची न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षाचा डिंक खणू लागली. विस बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी दहा हजारांच्या आसपास वस्ती होती. २०२१ च्या शिरगणतीत ती साडेतीन हजारांच्या आत आहे. या गळतीला एकटे अर्थकारण कारणीभूत नाही, पण तिची सुरुवात धक्क्यावरूनच झाली.

यापुढचा घाव राजकारणाने घातला. १९२० च्या रापाल्लोच्या तहान्वये च्रेस, लोशिन्य आणि लास्तोवो ही बेटे इटलीकडे गेली. त्यांच्या सभोवतीची बेटे युगोस्लाव्ह राज्यात राहिली. कोर्चुलाच्या टेकडीवरून लास्तोवो उघड्या डोळ्यांनी दिसते, आणि ते परदेश झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, विस हे टिटोच्या फौजांचे ठाणे होते. जर्मन आक्रमणाच्या भयाने बेटांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या बायका, मुले व वृद्ध यांना आधी विसवर, तेथून इटलीला आणि तेथून इजिप्तमध्ये सिनाईच्या वाळवंटातील एल शॅटच्या तंबूंत नेण्यात आले. त्यांची संख्या तीस हजारांच्या घरात होती. ज्यांनी जन्मात समोरच्या बेटापलीकडे काही पाहिले नव्हते त्यांनी १९४६ पर्यंतचे दिवस वाळूत काढले. शाळा चालवल्या, वर्तमानपत्र काढले. आणि युद्ध संपल्यावर विस पुन्हा कुलूपबंद झाले, या वेळी आपल्याच लष्कराचा तळ म्हणून. परदेशी माणसाला १९८९ पर्यंत तेथे पाऊल ठेवता येत नसे. अगदी समोर दिसणारी, पण जिथे उतरता येत नाही अशी जागा म्हणजे बेट, असा अनुभव या समुद्राने एका शतकात दोनदा घेतला.

आजची व्यवस्था १९४७ पासूनची. त्या वर्षी रियेका येथे 'याद्रोलिनिया' ही सरकारी नौवहन कंपनी स्थापन झाली. प्रारंभी तिच्याकडे जुन्याच बोटी होत्या आणि जुन्याच माळेच्या वाटा. १९५९ मध्ये क्र्क बेटाच्या वाटेवर 'बोदुल्का' ही मोटारी वाहणारी पहिली फेरीबोट आली. 'बोदुल' म्हणजे बेटवाला, आणि 'बोदुल्का' म्हणजे बेटवाली. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी. या बोटीने सारे गणित पालटले. मोटारीला धक्क्यावर चढायला-उतरायला उतार लागतो, थांबे थोडे लागतात, फेऱ्या जास्त लागतात, आणि ज्या गावात रस्ता सुरू होतो तेथेच जायचे असते. म्हणून माळ तुटली आणि तिच्या जागी चाक आले : मध्यभागी स्प्लिट, आणि तेथून ब्राच, शोल्ता, ह्वार, विस यांकडे निघालेले आरे. रियेकापासून दुब्रोव्हनिकपर्यंत बेटांना शिवत जाणारी जुनी लांबची फेरी काही दशके तग धरून होती. २०१० नंतरच्या दशकात तीही बंद पडली.

याचा परिणाम चमत्कारिक झाला. ब्राच आणि ह्वार यांच्यामधले पाणी इतके अरुंद आहे की संध्याकाळी समोरच्या गावाचे दिवे मोजता येतात. पण ब्राचवरच्या माणसाला आपली मोटार ह्वारला न्यायची असेल तर थेट मोटारवाहू बोट नाही. त्याने सुपेतारहून पन्नास मिनिटांत स्प्लिटला जावे आणि तेथून दोन तासांनी स्तारी ग्रादला उतरावे. सडा माणूस बोल ते येल्सा ही वाट जलद नौकेने गाठू शकतो, आणि विस किंवा लास्तोवोच्या काही फेऱ्या मधल्या बेटांना स्पर्श करतात. परंतु हे अपवाद आहेत. उत्तरेकडे क्र्क आणि च्रेस यांच्यात बेट-ते-बेट अशी मोटारवाहू फेरी आहे खरी. मात्र १९८० मध्ये पूल झाल्यापासून क्र्क हे बेट उरलेलेच नाही. च्रेसच्या दृष्टीने ती मुख्य भूमीच आहे. म्हणजे हा अपवादही नियमच सिद्ध करतो.

येथे हळहळ व्यक्त करणे सोपे आहे, आणि प्रवाशांच्या लेखनात ती पुष्कळ आढळते. ती एकांगी आहे. ज्याला रात्री छातीत कळ येते त्याला समोरचे बेट नको असते, स्प्लिटचे इस्पितळ हवे असते. शाळा, न्यायालय, बाजार, विद्यापीठ, सारे किनाऱ्यावर आहे; आणि हिवाळ्यात उत्तरेकडून 'बुरा' सुटला की कोणत्याही शतकातली होडी बंदरातच राहते. उतारूंच्या भाड्यावर न चालणाऱ्या फेऱ्या सरकार पैसे देऊन चालू ठेवते, म्हणूनच आज कित्येक गावांत दिवे लागतात. शिवाय संकटकाळी याच बोटींनी देश सांधून धरला. ऑक्टोबर १९९१ च्या अखेरीस वेढ्यात सापडलेल्या दुब्रोव्हनिककडे बेटाबेटावरच्या लहान होड्यांचा ताफा निघाला, त्याच्या अग्रभागी याद्रोलिनियाची 'स्लाविया' होती. पुढल्याच महिन्यात मासलेनित्साचा पूल उडवला गेला आणि क्रोएशियाचा उत्तर-दक्षिण रस्ता तुटला. तेव्हा मालमोटारी एका टोकाला फेरीबोटीने आणि दुसऱ्या टोकाला पुलावरून, अशा पाग बेट ओलांडून जात होत्या.

तरीही साहित्याच्या अभ्यासकाला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. विसाव्या शतकात बेटांवरच्या जीवनाने समर्थ लेखक दिले. १९१३ मध्ये विसवर जन्मलेला रांको मारिन्कोविच आणि राबवर बालपण घालवलेला स्लोबोदान नोवाक ही दोन नावे पुरेशी आहेत. नोवाकच्या १९६८ च्या 'सुगंध, सोने आणि धूप' या कादंबरीत एक जोडपे हिवाळ्यात शंभरीतल्या उमराव म्हातारीची शुश्रूषा करीत बेटावर अडकून पडले आहे. कादंबरी असामान्य आहे. पण तिचे बेट बंद आहे. तेथून सुटता येईल किंवा येणार नाही. शेजारी मात्र जाता येत नाही. हेक्तोरोविचच्या काव्यात बेटावरून बेटावर जाणे हाच विषय होता, आणि जाताना झालेले बोलणे हेच काव्य. त्या प्रकारची रचना नंतरच्या काळात त्या तोडीने झाली नाही. याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधण्यापेक्षा वेळापत्रकात शोधणे अधिक योग्य ठरेल.

कवींविषयी आदर मात्र ओसरलेला नाही. याद्रोलिनियाच्या बोटींवर 'टिन उयेविच', 'व्लादिमिर नाझोर' अशी नावे झळकतात, आणि एकीचे नाव 'पेतार हेक्तोरोविच' आहे. एका वेळी सुमारे हजार उतारू आणि शंभराच्या वर मोटारी ती नेते. स्प्लिटहून स्तारी ग्रादकडे जाणारी कोणतीही बोट शोल्ता आणि ब्राच यांच्यामधल्या खिंडीतून पार होते. खिंड येण्याआधी उजव्या हाताला नेचुयामची खाडी आहे. डाव्या हाताला ब्राचची पश्चिमेकडची टोके इतकी जवळ येतात की कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला झाडे वेगवेगळी ओळखू येतात. बोट या दोहोंपैकी एकाही बेटावर थांबत नाही.